मांजरीचं दुकान : आमची वाटचाल

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. पाटीवर आडनाव आहे, पण कलानिकेतन आणि दळवीज आर्ट या चित्रकलेच्या कॉलेजांची पोरं त्याला मांजरीचं दुकानच म्हणतात. गल्ल्याच्या मागे तळहाताएवढं चारकोलचं, म्हणजे कोळशाच्या कांडीचं, चित्र टांगलंय, मुटकुळी करून झोपलेल्या मांजरीचं. नाव त्यावरून पडलं.

आबांनी धंदा सुरू केला तेव्हा कामं ठरलेली असत. अंबाबाई, जोतिबा, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. मागचा कागद चिकटवायला आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायची. कीड थांबायची, पण पिठाच्या पिशवीवर उंदीर यायचेच. म्हणून मांजर पाळली. ती दिवसभर पुठ्ठ्याच्या कातरणांत पडून असे.

कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाच्या फ्रेमा न्यायला आलेल्या एका मुलाकडे पैसे कमी पडले. त्यानं तिथंच बसून मांजरीचं चित्र काढलं. "काका, बाकीचं असं चालंल का?" आबा म्हणाले, "चालतंय की." हे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं गाव. इथं चित्र काढणारा गल्लीगल्लीत सापडतो, पैसे देणारा जरा शोधावा लागतो.

चित्रात फार काही नाही. कांडी आडवी फिरवून पाठ केलीय, टोक दाबून कान आणि मिटलेल्या डोळ्याची रेघ. मिशा मात्र काढलेल्याच नाहीत. काळ्या भागावरून रबरानं कोळसा उचललाय, खालचा कागद उघडा पडलाय, तीच मिशी.

कोळसा शाईसारखा कागदात मुरत नाही, कागदाच्या खरबरीतपणात नुसता अडकून बसतो. बोट लागलं की गेला. पावसाळ्यात दमट होऊन काचेला चिकटलेले फोटो आबांनी पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे या चित्राला त्यांनी काच टेकू दिली नाही. जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापून मध्ये अंतर ठेवलं. ते बघून पोरं आपापली चारकोल, पेस्टल घेऊन यायला लागली, मागोमाग त्यांचे सरही. असल्या कामात फ्रेमची पट्टी थोडी लागते आणि जोखीम मोठी, म्हणून बरेच फ्रेमवाले ती कामं घेत नसत. आमचं दुकान चाललं ते याच कामांवर.

२०१९ च्या महापुरानंतर भिजलेल्या फ्रेमांचा ढीग दारात आला. काचेला चिकटलेले फोटो सोडवताना बरेचसे गेले. जलरंग पसरले होते. काही चारकोलची चित्रं मात्र डागाळूनही ओळखू येत होती. कोळसा म्हणजे शेवटी कार्बन, पाण्यात विरघळत नाही की उन्हानं उडत नाही. पिवळा पडतो तो कागद, त्यातही मागं साधा, आम्ल असलेला पुठ्ठा असला तर लवकर. तेव्हापासून चित्राच्या मागे आम्ही आम्लरहित बोर्डच लावतो. महाग पडतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, पण यात घासाघीस नाही.

आता पुण्या-मुंबईला कुरिअरनं फ्रेमा जातात. फुटायला नको म्हणून लोक काचेऐवजी ॲक्रिलिक मागतात. फोटोला खुशाल लावतो, चारकोलला साधं ॲक्रिलिक लावत नाही. ते पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि कोळशाची भुकटी वर ओढली जाते. त्यापेक्षा काचेवर टेपच्या फुल्या मारून पाठवलेलं बरं. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, तोही आम्ही आपण होऊन मारत नाही. त्यानं काळा रंग आणखी गडद होतो, तो निर्णय चित्रकाराचा.

माउंट कापायचं काम आता मुलगी बघते, तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. मांजरीचं चित्र विकत मागणारेही येतात. ते विकायचं नाही.

चारकोलचं चित्र आणणार असाल तर गुंडाळी करू नका. वर बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा. सोमवारी दुकान बंद असतं.