खांदे पुढे का झुकतात : जोर, मुदगल आणि पुल-अपच्या सरावातील नोंद

जोर जास्त मारले की छाती आखडते आणि खांदे पुढे येतात, असे व्यायामशाळेत सर्रास सांगितले जाते. या वेळी मी स्वतःच्या सरावावर हे म्हणणे ताडून पाहिले. माझ्या मते जोरांवरचा हा आळ बराचसा अनाठायी आहे, कारण बाहेरून सारखाच दिसणारा झुकाव कधी पाठीच्या मणक्यांतून, कधी फऱ्यातून, तर कधी दंडाच्या हाडाच्या वळणातून आलेला असतो.

फरा, म्हणजे खांद्यामागचे चपटे त्रिकोणी हाड, धडाशी हाडाने जोडलेला असतो तो केवळ कॉलरबोनमार्फत; एरवी तो स्नायूंच्या आधारावर बरगड्यांवरून सरकत असतो. त्यामुळे छातीमागच्या १२ मणक्यांचा नैसर्गिक बाक वाढला, की बरगड्यांचा उतार बदलतो आणि फरा बाहेर व पुढे कलतो. हा बाक सवयीचा आहे की हाडांतच आहे, याचा पहिला अंदाज पालथे झोपल्यावर येतो. माझा बाक तेव्हा सपाट होतो. तसा तो होत नसेल, तर वाढीच्या वयात मणके पाचरीसारखे होण्याचा श्योअरमानचा विकार किंवा उतारवयातील हाडांची झीज यांची शक्यता राहते आणि तेथे आधी डॉक्टरांना दाखवणे बरे.

फऱ्याच्या बाबतीत मला सर्वाधिक शिकवले ते पेक्टोरलिस मायनर या लहानशा स्नायूने. तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून तो फऱ्याच्या पुढच्या चोचीसारख्या टोकाला लागतो. तो आखडला की ती चोच खाली-पुढे ओढली जाते आणि मागे फऱ्याचे खालचे टोक बरगड्यांवरून उचलले जाते. गुडघे वाकवून जमिनीवर उताणे पडावे, हात बाजूला सैल ठेवावेत आणि खांद्याच्या मागच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून शाळकरी पट्टीने मोजून घ्यावे. पाठीची जाडी प्रत्येकाची वेगळी असल्याने हा आकडा दुसऱ्याशी ताडण्यात अर्थ नाही. पाहायचा तो उजव्या-डाव्यातील फरक. माझा उजवा खांदा बोटाच्या पेराएवढा अधिक वर होता, तो फरक आता जवळपास निम्म्यावर आला आहे. दाराच्या चौकटीला कोपरापुढचा हात टेकवून केलेला ताण उपयोगी पडला, मात्र छाती पुढे ढकलताना बरगड्या फुगवल्या तर तो ताण कंबरेत निघून जातो.

आता जोरांविषयी. कंबर वर आणि हात डोक्याच्या रेषेत असताना जमीन नेटाने दूर ढकलली, तर बरगड्यांपासून फऱ्याच्या आतल्या कडेला जाणारा सेरेटस अँटिरियर कामाला लागतो आणि फरा वर फिरतो. हात पूर्ण वर जाण्याच्या सुमारे १८० अंशांपैकी साधारण ६० अंश या फिरण्यातूनच मिळतात. घाईत मारलेल्या अर्ध्या जोरांत नेमका हाच टप्पा गळतो, म्हणून मी तेथे एक श्वास थांबू लागलो आहे.

उलट ज्यांना आपण उतारा समजतो त्या पुल-अपमधले लॅट्स, म्हणजे पाठीचे रुंद स्नायू, हे दंडाचे हाड आत वळवणारे स्नायू आहेत. डंबेल रोचे, म्हणजे वाकून डंबेल धडाकडे ओढण्याच्या व्यायामाचे, चित्रण बाजूने पाहिले, तेव्हा कोपर धडाच्या फार मागे खेचल्यावर खांद्याचा गोळा पुढे घसरताना स्पष्ट दिसला; आता कोपर धडाच्या रेषेत आले की मी थांबतो. मुदगल डोक्यामागून फिरवताना मात्र दंड बाहेरच्या बाजूला वळतो आणि ती जोड मला बँडच्या व्यायामांपेक्षा अधिक मानवली.

चेक वैद्य व्लादिमीर यांदा यांनी आखडलेली छाती व मानेच्या वरच्या बाजूचे स्नायू आणि त्यांसमोर दुबळे पडलेले मानेच्या पुढचे खोल स्नायू व ट्रॅप्सचा (मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या स्नायूचा) खालचा भाग अशी फुलीसारखी मांडणी केली होती. दिशा दाखवायला ती चांगली आहे, पण तेवढ्यावरून स्वतःला रोगी ठरवू नये. पुढे झुकलेले खांदे असूनही कसलीही वेदना नसणारे पुष्कळ आहेत.

सध्याचा क्रम असा आहे : आधी गुंडाळलेल्या सतरंजीवर पाठ मागे वाकवणे, मग चौकटीचा ताण, थांबून मारलेले जोर आणि शेवटी हलके मुदगल. पुल-अप चालूच आहेत, फक्त प्रत्येक वेळी खाली पूर्ण लोंबकळूनच पुढचा घेतो.