स्लॅप बाससाठी तारा निवडताना: आधी ताण उतरवा

अपराइट बासवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या व्हायोलिनसारख्या अवाढव्य वाद्यावर, स्लॅप शिकताना आठवडाभरात बोटांना फोड आले की दोष हाताच्या कमजोरीला दिला जातो. बहुतेक वेळा दोष तारांचा असतो. ऑर्केस्ट्रा किंवा जॅझसाठीच्या मध्यम ताणाच्या स्टीलच्या संचात एकेका तारेवर २५ ते ३० किलोंचा ताण असतो. जनावराच्या आतड्यापासून केलेल्या साध्या जी आणि डी तारांवर (जी, डी, ए, ई या चारपैकी बारीक दोन) तो २० किलोंच्या आसपास असतो. शिवाय स्टील लवत नाही, त्यामुळे तार बाजूला ओढली की ताण झपकन चढतो आणि ती बोटात रुतते. आतड्याची तार लवते, रुंद ओढता येते आणि सुटली की फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लांब पट्टीवर, सपकन आपटते. तो आपटण्याचा आवाज म्हणजेच स्लॅप. १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत ड्रमवाला नव्हता. ताल बिल ब्लॅकच्या बासने सांभाळला.

आतड्याच्या तारा महाग असतात आणि हवेतल्या दमटपणाने सूर सोडतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्या बाळगणं म्हणजे दर गाण्याआधी खुंट्या पिळणं. तारेचे केसासारखे तंतू सुटले तर ओढू नका, नेलकटरने बुडाशी कापा. नवशिक्याला मी कमी ताणाच्या कृत्रिम तारा सुचवेन. इनोव्हेशन कंपनीचा सिल्व्हर स्लॅप हा त्यातला प्रसिद्ध संच. गवत कापायच्या यंत्रातल्या नायलॉन दोरीसारख्या जाड तारा सर्वांत स्वस्त. बोटांना त्या मऊ लागतात, पण गजाने वाजवायचं असेल तर त्यांचा नाद सोडा. पैसे कमी असतील तर फक्त जी आणि डी बदला. ओढायचं काम जास्त त्यांच्यावरच पडतं.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या एकदम सैल केल्या तर ब्रिज (तारा पेलणारी लाकडी घोडी) सरकतो आणि आतली काठी, म्हणजे साउंडपोस्ट, पडू शकते. मग कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. आतड्याची जी तार २.३ मि.मी.च्या आसपास जाड असते, स्टीलची बरीच बारीक. म्हणून नट (खुंट्यांजवळची पट्टी) आणि ब्रिजच्या खाचा रुंद कराव्या लागतात. तार खाचेत अडकली तर सूर झटक्याने सरकतो आणि तार तिथेच झिजते. मात्र रुंद केलेल्या खाचेत पुन्हा स्टील बसवलं तर ते डुगडुगतं, हे कानस उचलण्याआधी लक्षात घ्या. नव्या आतड्याच्या तारा चार-पाच दिवस ताणत राहतात. त्या काळात कार्यक्रम घेऊ नका.

फिंगरबोर्डच्या टोकाशी तारेची उंची जीखाली ७–८ मि.मी. आणि ईखाली १०–११ ठेवून सुरुवात करा. फार खाली असेल तर स्वर खडखडून मरतो, फार वर असेल तर डावा हात थकतो.

आता हात. उजवा हात फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाजवळ ठेवा. पहिली दोन बोटं तारेखाली आकडीसारखी घालून तार बाहेर आणि बाजूला ओढा, पण ओढ मनगट आणि कोपरापासून यावी. नुसती बोटं वळवून ओढणाऱ्यांना फोड लवकर येतात. तार सुटताच तोच हात सपाट करून तारांवर थाप द्या. डावा हात स्वर दाबेल, पण थापेच्या क्षणी ढिला होऊन सगळ्या तारा नुसत्या स्पर्शाने मुक्या करेल. नाहीतर मोकळ्या तारा घुमत राहतात.

एकेरी स्लॅपमध्ये चार मात्रांपैकी १ आणि ३ ला ओढ, २ आणि ४ ला थाप. दुहेरीत दुसऱ्या मात्रेवर एक थाप आणि तिच्या अर्ध्यावर आणखी एक. तिहेरीत मात्रेचे तीन भाग: ओढ, थाप, थाप. मेट्रोनोम (टिकटिक करणारं तालयंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि दोन्ही थापा सारख्या जोरात येईपर्यंत वेग वाढवू नका. घाई केली की दुसरी थाप गिळली जाते आणि ताल लंगडतो.

मायक्रोफोनशिवाय मोठ्या मंचावर वाजवायचं असेल तर ब्रिजखालचा पिकअप (कंपन टिपून अॅम्प्लिफायरला देणारं उपकरण) स्वर देतो, पण टकटक पुरेशी येत नाही. त्यासाठी फिंगरबोर्डला दुसरा पिकअप चिकटवतात आणि त्याला वेगळा चॅनल देतात. चुंबकीय पिकअप घेऊ नका: आतडं आणि नायलॉन त्याला ऐकूच जात नाहीत.