शोधला की ओळखला

भोकरदन तालुक्यात मी सत्तावीस वर्षं बोर्ड रंगवतोय. फ्लेक्स आल्यापासून हाताच्या अक्षरांना गिऱ्हाईक कमी झालं, पण ऊनपावसात टिकायला हवं असेल तर लोक अजून मलाच बोलावतात. मागच्या सप्टेंबरात नळणीच्या पोरांनी वर्गणी काढून सहा बाय चारचा पत्रा आणला. रस्त्याकडेला लावायचा होता. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या लढाईआधी इंग्रजांचा जनरल आर्थर वेलस्ली इथं थांबला होता, त्याची आठवण म्हणून.

मजकूर एका निवृत्त गुरुजींचा. पोरांना 'जनरलचं मुख्यालय' असं ठळक पाहिजे होतं, गुरुजींनी 'तळ' ठेवला. अर्थ कळल्याशिवाय कुठला शब्द मोठा काढायचा हे मला ठरवता येत नाही, म्हणून एक संध्याकाळ मी त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दोन वाटांनी जायचं आणि 24 तारखेला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेवर मिळून तुटून पडायचं, असा बेत ठरला. पण वेलस्ली नळणीला येतो तर हरकाऱ्यांनी खबर दिली की फौज सहा मैलांवरच आहे, भोकरदनपासून असईपर्यंत केळणा नदीच्या काठाकाठानं पसरलेली. त्यानं स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. बाजारबुणगे, सामानसुमान नळणीत ठेवलं आणि त्याच दुपारी चाल केली. रात्र त्यानं इथं काढलीच नाही, ती असईच्या रणात काढली. म्हणून 'तळ'.

बोर्डावरची चौथी ओळ अशी होती: 'केळणा ओलांडण्यासाठी त्याने उतार शोधून काढला.' उतार म्हणजे नदी चालत पार करता येईल अशी उथळ जागा.

हवा दमट होती. ऑइल पेंट लवकर वाळेना. बाजूला मका उभा, रस्त्यावर मिरचीच्या गोण्यांचे टेम्पो. खडूचा दोरा मारून मी ओळी आखल्या होत्या आणि दुपारपर्यंत चार ओळी भरून झाल्या. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. पोरगा चालवत होता, मागं त्याचा आजा. वरूडचे होते. म्हाताऱ्यानं काठी टेकून एकेक ओळ वाचली आणि चौथ्या ओळीवर थांबला.

"पेंटर, ह्यानं उतार शोधला काहून? हरवला होता काय?"

मी म्हणालो, "बाबा, मजकूर गुरुजींचा आहे."

"माझ्या आज्यापंज्याच्या गाड्या तिथूनच जायच्या. पिंपळगावच्या सोयऱ्यांकडं जायचं तर दुसरी वाट कोणती? गावं समोरासमोर का बसलीत मग?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखावल्यासारखे वाटले. मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला आणि गुरुजींना फोन लावला. गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरोबर बोलतायत ते. वेलस्लीनं स्वतःच तसं सांगितलंय." वाटाड्यांनी इथं उतार नाही म्हणून सांगितलं होतं. पण नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं त्याला दिसली, पिंपळगाव आणि वरूड. येण्याजाण्याची वाट असल्याशिवाय माणसं अशी घरं बांधत नाहीत, हे त्यानं ताडलं. तपासायला माणूस पाठवला, उतार निघाला, आणि तोफांच्या माऱ्यात फौज पार गेली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मग जी लढाई झाली तीत त्याच्या बाजूचे 428 ठार आणि 1138 जखमी झाले. मराठ्यांचे बाराशे रणात पडले, हा त्याचाच अंदाज. पुढं वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणी आपली सगळ्यात चांगली लढाई कोणती विचारल्यावर असई म्हणाला. मला तो मोठा वाटतो तो त्या दोन गावांकडं नीट पाहिलं म्हणून. आणि ती गावं तर त्याच्याआधी किती पिढ्या नदी ओलांडत होती.

"शब्द कोणता घालू?" मी विचारलं.

"ओळखला," गुरुजी म्हणाले.

रंग ओला होता म्हणून बरं. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून 'शोधून काढला' पुसलं, तरी पांढुरका डाग राहिला. तेवढ्या पट्ट्यावर निळा पुन्हा मारावा लागला, म्हणजे त्या दिवसाचं काम थांबलं. पण 'ओळखला' चार अक्षरांचा, आणि आधीची जागा सहा अक्षरांची. थोडी जागा उरली. 'केळणा ओलांडण्यासाठी' बारीक केलं तर आणखी उरत होती. मी घरी जाऊन कागदावर मांडून पाहिलं आणि पहाटे गुरुजींना वाचून दाखवलं: 'पिंपळगाव-वरूडच्या लोकांचा केळणेवरचा उतार त्याने ओळखला.' ते म्हणाले, लिही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाबा परत आले, या वेळी एसटीनं, एकटेच. अक्षरं ओली होती, म्हणून मी हात लावू नका म्हटलं. त्यांनी काठीचं टोक पत्र्यापासून वीतभर लांब धरलं आणि अक्षराखालून अक्षर सरकवत नेलं. वरूडपाशी काठी थांबली.

"रू दीर्घच काढलाय ना?"

"दीर्घच आहे, बाबा."

ते फाट्यावरच्या लिंबाखाली बसून राहिले. रंग वाळेपर्यंत शेळ्याबिळ्या येऊ नयेत म्हणून, असं म्हणाले.