मनिलात गाणी ऐकायला जाताय? कुबाओला उतरा

मनिलात रॅप आणि प्रेमगीतं वेगवेगळी शोधत बसू नका. ऐकणारे तेच असतात आणि यमकाची हौसही तीच. मी सुचवेन कुबाओ हा भाग. एमआरटी-३ आणि एलआरटी-२ हे दोन्ही मेट्रो मार्ग इथे भेटतात, त्यामुळे शहरात कुठूनही पोचता येतं. बीप कार्ड, म्हणजे गाडीच्या भाड्याचं रिचार्ज कार्ड, आधीच भरून ठेवा, कारण ऑफिसं सुटायच्या वेळी तिकिटाच्या रांगेत बराच वेळ जातो. जवळच कुबाओ एक्स्पो आहे. पूर्वीचा चपलांचा बाजार, आता तिथे जुन्या रेकॉर्डांची दुकानं आहेत. सकाळी गेलात तर बरीच शटरं खाली दिसतील.

रेकॉर्ड चाळताना रॅपर फ्रान्सिस मॅगलोनाचा १९९० चा ‘यो!’ दिसला तर हातात घेऊन पाहा. तागालोग या इथल्या भाषेतला रॅप घरोघर पोचला त्यात या अल्बमचा वाटा मोठा.

खरी गंमत मात्र फ्लिपटॉपमध्ये. अनिग्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलारिक युसोनने २०१० मध्ये सुरू केलेली ही रॅपची लढत. मागे बीट वाजत नाही, नुसते शब्द. साधारणपणे तीन फेऱ्या होतात. नाणेफेक जिंकणारा बहुधा दुसरा नंबर मागतो, कारण समोरच्याने टाकलेल्या ओळीला तिथल्या तिथे उत्तर देता येतं. बाकी मजकूर बहुतेक पाठ केलेला असतो. म्हणूनच सगळ्यात मोठी भीती ओळ विसरण्याची. एकदा अडखळला की फेरी गेलीच म्हणायची. तिकीट आगाऊ काढा. जाहीर वेळेवर सुरू होईल असं धरून परतीची शेवटची गाडी ठरवू नका. तागालोग येत नसेल तर त्या रॅपरांच्या जुन्या लढती यूट्यूबवर आधी बघून जा. नाहीतर सभागृह का उसळलं हे कळणारच नाही.

या शब्दांच्या लढतीला जुनं मूळ आहे. १९२४ मध्ये मनिलात ‘बालागतासान’ सुरू झालं: दोन कवी एका विषयाच्या दोन बाजू पद्यात मांडायचे. आपल्या तमाशातला सवाल-जवाब ज्याने ऐकलाय त्याला हे समजवावं लागणार नाही. जुन्या तागालोग यमकाचे नियमही कान देऊन ऐकण्यासारखे. शेवटचं व्यंजन तेच असण्याची गरज नसते. ब, क, द, ग, प, स, त हा एक गट. ल, म, न, ङ, र, व, य हा दुसरा. गट जुळला आणि आधीचा स्वर जुळला की यमक झालं. इ-ए एक धरतात, उ-ओ एक. शब्द स्वरावर संपत असेल तर घशात किंचित अडकून संपतो की मोकळा, हेही बघतात. ग्लॉक-९ या फिलिपिनो रॅपरचा वेगवान रॅप हे लक्षात ठेवून ऐका, मग तो नुसता वेग वाटत नाही.

प्रेमगीतांचं घराणं कुंदिमान या जुन्या गीतप्रकाराचं. तीन मात्रांची चाल, सुरुवात उदास मायनर स्केलमध्ये, शेवटाकडे मेजर स्केल. आजच्या लव्ह रॅपमध्ये कडवी बोलल्यासारखी आणि धृपद संथ, गाण्याजोगं असतं. काही फारच गोडमिट्ट होतात, हे माझं मत. रेडिओवर देशी गाणी भरपूर ऐकू येतात, त्यामागे १९८७ चा आदेश क्रमांक २५५ आहे: संगीत वाजवणाऱ्या केंद्रांनी तासाला किमान चार फिलिपिनो गाणी लावायची.

ही गाणी स्वतः म्हणायची तर व्हिडिओके, म्हणजे पडद्यावर शब्द दाखवणारं कराओके. बहुतेक यंत्रांत गाण्यामागे पाच पेसोचं नाणं पडतं, म्हणून सुटे ठेवा. २०१७ चं गोल, चंदेरी पाचचं नाणं एक पेसोसारखंच दिसायचं. २०१९ पासून ते नऊ कोनी केलं. दोन्ही चलनात आहेत, तेव्हा टाकण्यापूर्वी आकडा वाचा. वहीतून गाण्याचा क्रमांक शोधून दाबायचा. पट्टी उंच वाटली तर ती खाली आणायचं बटण असतं, पण ते सुरुवातीलाच दाबा. दुसऱ्याच्या गाण्यात माइक घेऊ नका, बेसुराला हसू नका. फ्रँक सिनात्राचं ‘माय वे’ तर निवडूच नका. त्यावरून झालेल्या भांडणांत खून पडले आहेत आणि काही बारांनी ते यादीतूनच काढलं. वस्त्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी रात्री दहानंतर आवाज बंद करावा लागतो.

भारतीय पासपोर्टवर जून २०२५ पासून पर्यटनाला १४ दिवस व्हिसा लागत नाही, पण मुदत वाढत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग जवळ ठेवा, ई-ट्रॅव्हल या ऑनलाइन प्रवेश-फॉर्मची नोंदणी पोचण्याआधीच्या ७२ तासांत करा.