मोरावळ्याला फेस का येतो?

आवळी नवमी जवळ आली, बाजारात आवळ्यांचे ढीग लागले की हा प्रश्न हमखास येतो: पाक चांगला एकतारी केला होता, बरणी कोरडी होती, तरी पंधरा दिवसांत मोरावळा पातळ झाला आणि वर फेस आला, असं का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

पाक बहुतेक वेळा बरोबरच असतो. हिशेबातून सुटतं ते आवळ्यातलं पाणी. आवळ्याच्या वजनात साधारण 80 टक्के पाणीच असतं. पाकातली साखर ते ओढून घेते आणि गॅस बंद केल्यावरही दोन-तीन दिवस ओढत राहते. म्हणजे बरणी भरताना आलेली तार आठवड्याने मोडते. साखरेचं प्रमाण 65 टक्क्यांच्या खाली घसरलं की आंबायला मोकळं रान.

म्हणून एका दिवसात मोरावळा उरकू नये. 1 किलो मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. हिरवेगार नकोत, किंचित पिवळसर झाक आलेले कमी तुरट लागतात. 1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम मीठ घालून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी धुऊन 10-12 मिनिटं वाफवा. आवळ्यावरच्या रेघा उकलू लागल्या की बास, बोटाने दाबताच फोडी सुटतात. त्यापुढे वाफवलंत तर पाकात लगदा होतो. बिया काढून साधारण 900 ग्रॅम फोडी उरतात.

त्यांत सव्वा किलो साखर मिसळून स्टीलच्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवा. पाणी घालायचं नाही, सकाळी फोडी स्वतःच्याच रसात तरंगत असतात. घट्ट पाकात एकदम टाकलेल्या फोडींतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, पाक आत शिरत नाही, आणि त्या सुरकुतून चामट होतात. लोखंडी कढई तर नकोच. आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की पाक काळा पडतो.

आता मध्यम आचेवर उकळी आणून 10 मिनिटं ठेवा आणि बंद करा. दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा सैल दिसेल. घाबरू नका, तो तसाच व्हायला हवा. पुन्हा उकळा. तिसऱ्या दिवशी अंगठा आणि तर्जनीत एक तार येईपर्यंत आटवा.

तार बघताना पाक गरम असेल तर चकवा बसतो. थेंब बशीत गार करून मगच बघा. त्याहून भरवशाचा म्हणजे वजनकाटा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. या मापाने तयार मोरावळा 2 किलोच्या आसपास भरायला हवा. 2 किलो 100 ग्रॅम भरला तर पाणी उरलंय, पावणेदोन किलोवर आला तर बरणीत साखर धरणार. थर्मामीटर वापरत असाल तर समुद्रकाठी 104-105 अंश. पुण्यात पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं, तिथे दोन अंश कमी धरा.

वेलची, केशर शेवटी. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, झाकणाला आतून साचलेली वाफ थेंबाथेंबाने वर पडते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

बिघडलेल्याचं काय? नुसता पातळ झाला असेल तर पुन्हा आटवा. कडेने साखर धरली असेल तर दोन चमचे पाणी आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर विरघळवा. बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून भागत नाही, सगळा टाकून द्या.

किसाच्या मोरावळ्यालाही हेच माप, फक्त तो दोन दिवसांत होतो आणि शेवटी तळाला फार पटकन लागतो. तेव्हा उलथनं हातातून सोडू नका.