२.४ मीटर व्यासाची पवनचक्की: वारा ८ चा, करंट ६ चाच

स्टेटर (अल्टरनेटरचा न फिरणारा, कॉइलचा भाग) झकास निघाला, हे आधी. ९ कॉइल, प्रत्येकी ७० वेढे, १.३ मिमीच्या दोन तारा जोडीने. चार तारांच्या मोजणीत (यात मीटरच्या तारांचा रेझिस्टन्स धरला जात नाही) तिन्ही फेज ०.३४ ओहम, फरक जेमतेम तिसऱ्या दशांशात. टोकं उघडी ठेवून मॅग्नेटची चकती हाताने फिरवली तर कुठे अडत नाही. या मशीनमध्ये लोखंडी गाभा नाही, त्यामुळे अडायला नकोच. एखादा वेढा आतून शॉर्ट असता तर हाताला लगेच जडपणा लागला असता. ६० आरपीएमला (मिनिटाला फेरे) फेजच्या तिन्ही जोड्यांत ८ व्होल्ट एसी, कट-इन (बॅटरीत करंट जायला लागतो तो वेग) १४३ आरपीएम. टीएसआर (पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) ६ धरला तर हे बरोबर ३ मी/से. वाऱ्याला बसतं. कागदावर मांडलं तेच हातात आलं.

आणि तरीही वारा वाढला की चक्की ढिम्म. २४ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडल्यावर ५ मी/से. ला ३.१ अँपिअर, १६३ आरपीएम. ८ मी/से. ला ६.१ अँपिअर, १७८ आरपीएम. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ५ वरून ८ वर जाताना ती चौपटीहून जास्त झाली. करंट मात्र दुप्पटीच्या आतच अडकला, आणि फेरे वाढले अवघे १५.

आरपीएम मोजायला वेगळं टॅकोमीटर लागत नाही. १२ पोल म्हणजे ६ जोड्या, त्यामुळे मल्टिमीटरवरच्या हर्ट्झला १० ने गुणलं की आरपीएम मिळतो. १७.८ हर्ट्झ म्हणजे १७८. क्लॅम्प मीटर मात्र डीसी मोजणाराच हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी दाखवतात आणि बॅटरीच्या तारेवर शून्यच देतात. अ‍ॅनेमोमीटर हबच्या उंचीला लावून एक मिनिटाची सरासरी घ्यायची, क्षणाचे आकडे इथे निव्वळ दिशाभूल करतात.

पहिला संशय नेहमीप्रमाणे डायोड, केबल आणि बॅटरीवर. डायोड टेस्टला ब्रिज (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर) ठणठणीत. केबल ३० मीटर, १० चौ. मिमी, जाणं-येणं धरून ०.१ ओहम, म्हणजे ६ अँपिअरला अर्धा-पाऊण व्होल्ट. बॅटरी २६ व्होल्टवर, भरायला भरपूर जागा. दोष यातल्या कशातच नाही.

दोष पात्यांच्या टीएसआरमध्ये दिसतो. १७८ आरपीएमला टोकाचा वेग २२.४ मी/से.; वारा ८ चा, म्हणजे टीएसआर २.८. ही पाती ६ साठी कोरलेली आहेत. २.८ ला वारा पात्यावर फार तिरका येतो, पाठीकडचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. कानालाही कळतं: बॅटरी सोडली की पाती शीळ घालतात, जोडली की नुसता जड सुस्कारा.

कारण बॅटरीत आहे. ती रेक्टिफायरच्या तोंडावर व्होल्टेज २६ ला बांधून ठेवते. आतला ईएमएफ (मशीनमध्ये तयार होणारं व्होल्टेज) आरपीएमच्या प्रमाणात वाढतो, आणि बॅटरीपेक्षा जो जादा व्होल्ट असेल त्याला एकूण ०.८ ओहमने भागलं की करंट. टीएसआर ६ साठी ८ च्या वाऱ्यात ३८२ आरपीएम हवे. तिथे ईएमएफ ६९ व्होल्ट होतो आणि करंट निघतो पन्नास अँपिअरच्या वर. त्याला साडेतीन किलोवॅट लागतील. वारा पात्यांना देतो जेमतेम ४२५ वॅट. म्हणून अल्टरनेटर पात्यांना खाली ओढून धरतो. थोडक्यात, अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त चांगला झाला आहे! जाड तार आणि ताकदवान मॅग्नेट यांचं कौतुक आपण सगळेच करतो, पण थेट बॅटरीवर तेच पात्यांच्या मुळावर येतं.

सौर पॅनलला ही अडचण का येत नाही, ते इथे लक्षात येतं. पॅनलमध्ये उजेडाने करंट ठरतो, व्होल्टेज जवळपास जागच्या जागी राहतं. ३१ व्होल्टचं पॅनल २६ ला बांधलं तरी साधारण १६ टक्केच जातात. पेल्टन चाकालाही (पाण्याच्या धारेवर फिरणारं टर्बाइन) नाही: धारेचा वेग फक्त उंचीवर ठरतो (२२ मीटरला सुमारे २०.८ मी/से.), चाकाचा उत्तम वेग त्याच्या निम्म्याच्या किंचित खाली, आणि नोझल बदलून पाणी कमी-जास्त केलं तरी तो वेग तोच. एकदा एअर गॅप (मॅग्नेट आणि स्टेटरमधलं अंतर) जुळवला की काम संपलं. वाऱ्यात उत्तम बिंदू सतत सरकत राहतो, म्हणून सगळी झटापट पवनचक्कीलाच.

आता उपाय. पहिला, मॅग्नेटच्या चकत्या स्टेटरपासून लांब करणं. स्टडवरचे नट फिरवून गॅप दोन्ही बाजूंना १.५ चा ४ मिमी केला. हिशेबाने कट-इन १६३ यायला हवं होतं, आलं १६८, कारण गॅप वाढला की गळतीचा फ्लक्सही (कॉइलला चुकवून जाणारं चुंबकत्व) वाढतो. ८ च्या वाऱ्यात करंट ६.१ वरून ८.६, आरपीएम २२३. सुधारणा खरी, पण सुरुवात ३ ऐवजी ३.५ मी/से. ला होते, आणि मंद वाऱ्याचे तास तर वर्षभरात सर्वाधिक. हा सौदा मनाला पटत नाही. (चकत्या हलवताना जॅकिंग स्क्रू लावल्याशिवाय नट सोडू नका. हे मॅग्नेट बोटांना दुसरी संधी देत नाहीत.)

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो. गॅप परत १.५ करून लाइनमध्ये ०.७ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला. करंट वाढला! ६.१ चा ६.९, आरपीएम २०९. रेझिस्टरमध्ये ३३ वॅट उष्णता जाते, तरी पाती स्टॉलमधून थोडी वर आल्याने बॅटरीला जास्तच मिळतं. आजवरच्या चाचण्यांतली ही सर्वांत समाधानाची. स्टॉलच्या निदानावर शिक्कामोर्तब झालं, आणि चाचणीला लागला एक रेझिस्टर. कायमचा ठेवायचा नाही, पण ज्यांची चक्की जोरात अडते त्यांनी सगळ्यात आधी हेच करून बघावं.

तिसरा, एमपीपीटी (सर्वाधिक शक्ती मिळेल त्या व्होल्टेजवर मशीन चालवणारा कंट्रोलर). हिशेबात ८ च्या वाऱ्यात १४ अँपिअर दिसतात, कारण ६९ व्होल्टला करंट फक्त ६.२ आणि तांब्यातला तोटा ३१ वॅट. पण सोलरचा कंट्रोलर इथे चालत नाही. तो व्होल्टेज हलवून शिखर शोधत बसतो, आणि तोवर जड रोटरचा वेग बदललेला असतो. व्होल्टेजनुसार ठरलेला करंट ओढणारा, टेबल भरता येईल असाच हवा. दुसरं म्हणजे, १२ मी/से. ला लोड सुटला आणि टीएसआर १० पर्यंत चढला तर ९५५ आरपीएमला १७३ व्होल्ट होतात. बऱ्याच कंट्रोलरची मर्यादा १५० असते. म्हणजे १२० व्होल्टला पकडणारा वेगळा डंप लोड (जादा वीज जिरवणारा) आलाच. 'विंड एमपीपीटी' असं छापलेल्या कित्येक स्वस्त डब्यांत आत साधं पीडब्ल्यूएमच (करंट नुसता चालू-बंद करणारं) असतं. टेबल भरायची सोय दाखवत नसेल तर घेऊ नका.

हे लिहिता लिहिता एक सोपी वाट दिसते आहे. तिन्ही फेजची सहाही टोकं नेसेलच्या (मनोऱ्यावरचा, अल्टरनेटरचा भाग) जंक्शन बॉक्सपर्यंत आलेली आहेतच. प्रत्येक फेजला स्वतंत्र सिंगल फेज ब्रिज दिला तर आत्ताच्या स्टारपेक्षा (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र बांधलेली) व्होल्टेज १.७३ ने भागलं जातं, कट-इन २४८ आरपीएमवर म्हणजे ५.२ मी/से. ला जातं, आणि डेल्टासारखा (त्रिकोणी जोडणी) तिसऱ्या हार्मोनिकचा (तिप्पट फ्रीक्वेन्सीचा) करंट आत घुमत नाही. ८ च्या वाऱ्यात हिशेब १२ ते १३ अँपिअर सांगतो. एमपीपीटीच्या जवळपास.

मग मंद वाऱ्याचं काय? तिन्ही ब्रिज कायम जोडलेले ठेवायचे आणि तीन शेवटची टोकं एका कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणारा स्विच) एकमेकांना जोडायची. जोडली की स्टार, सोडली की स्वतंत्र फेज. जोडणी एक क्षणही पूर्ण सुटत नाही. कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना जोडलेले) घ्यायचे: कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज गेली तर मशीन आपोआप स्टारमध्ये, म्हणजे मंद आणि सुरक्षित बाजूला येतं. शिवाय कॉइल वीज खाते ती जोराच्या वाऱ्यात, जेव्हा विजेला तोटा नसतो.

बदल आरपीएमवर ठरवायचा नाही, कारण स्टारमध्ये तो १६३ ते १७८ मध्येच घुटमळतो. करंटवर ठरवायचा: स्टारमध्ये ४ अँपिअर २० सेकंद टिकला (साधारण ६ मी/से.) की कॉन्टॅक्टर उघडायचा, १.५ च्या खाली ३० सेकंद राहिला की परत बंद. त्याच वाऱ्यात स्वतंत्र फेज ६ च्या पुढे देतात, त्यामुळे सतत उघड-बंद होण्याची भीती नाही.

म्हणून एमपीपीटी तूर्त बाजूला. आता मनोऱ्यावरून सहा कोअरची ६ चौ. मिमी केबल खाली आणायची. स्टारमध्ये चार तारा वाटेत येऊन केबलचा रेझिस्टन्स ०.३४ होईल, पण वरचा रेझिस्टरचा प्रयोग पाहता ते पथ्यावरच पडेल. पाती स्टॉलमधून सुटली की थ्रस्ट (वाऱ्याचा मागे ढकलणारा रेटा) वाढतो, त्यामुळे शेपूट आधीच फर्ल होईल (दुमडून चक्की वाऱ्यातून बाजूला वळवेल). तिचं वजन नव्याने लावावं लागणार. आणि स्टेटरमध्ये थर्मिस्टर (तापमान मोजणारा) हवाच: साध्या एन ग्रेड मॅग्नेटची मर्यादा ८० अंश आहे, आणि ते स्टेटरपासून दीड मिलिमीटरवर फिरतात.