डांगराचं सेटिंग

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर येणारा माणूस रोगाचं नाव घेऊन येत नाही, शेजाऱ्याने मारलेल्या बाटलीचं नाव घेऊन येतो. पान आणलंच तर ते कॅरीबॅगेत उबून काळं पडलेलं. नाहीतर मोबाईलवरचा फोटो, तोही हललेला. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री करून या काउंटरला लागले, तरी शेठ जागेवर नसले की निम्मी मंडळी "शेठ कधी यायचेत?" असं विचारून बाकावर बसून राहतात. त्याचं आता काही वाटत नाही. म्हणजे, थोडं वाटतं.

अण्णाही त्यातलेच. पुरंदरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात दीड एकर डांगर, म्हणजे लाल भोपळा, जूनच्या पहिल्या आठवड्यात ठिबकवर टोकलेलं. हिशेब सरळ होता: पितृपक्षात आणि पुढे नवरात्रात भोपळ्याला उठाव असतो, तेव्हा माल मार्केट यार्डात पोचला पाहिजे. शेठ बाहेरगावी होते म्हणून नाइलाजाने माझ्यासमोर खिशातली पावती ठेवली. दुसऱ्या दुकानाची. बुरशीनाशक, थायामेथोक्झाम हे कीटकनाशक, बोरॉन, फुलोऱ्याचं टॉनिक आणि औषध पानाला चिकटवणारं स्टिकर. "सगळं एकाच पंपात?" "मग काय, पाच वेळा मजूर लावू का? ताई, चार फवारे झाले. कळी लागती, पिवळी पडती, गळती. सेटिंगच होत नाही. कायतरी भारीतलं द्या."

सेटिंग म्हणजे फळ धरणं, आणि कळी म्हणजे मादी फुलाखालचं कोवळं फळ. भारीतलं आमच्याकडेही होतं, शेल्फ भरून. पण फुलगळीला पाच कारणं असतात आणि बाटली त्यातल्या एखाद्याच कारणावर चालते. मी म्हटलं, उद्या सकाळी येते, तोपर्यंत काही मारू नका. आणि सकाळी म्हणजे सकाळी. डांगराचं फूल सूर्य उगवताना उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दुपारी अकराला जाऊन "प्लॉट व्हिजिट" करणाऱ्या कंपनीच्या पोरांना हे फूल उघडं कधी दिसतच नाही, आणि शिफारशी मात्र तेच लिहितात.

मी पोचले तेव्हा फवारणीवाला एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाची नळी उलगडत होता. उद्या काही मारू नका हे अण्णांनी ऐकलं होतं, पण मजूर आधीच सांगून ठेवलेला. त्याला थांबवायला त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी अण्णांना द्यावी लागली, आणि तो राग दिवसभर माझ्या वाट्याला.

वेल बाकी जोरात होते. जुन्या पानांवर थोडी भुरी, म्हणजे पीठ शिंपडल्यासारखी बुरशी, लाल भुंगेऱ्यांनी सुरुवातीला पाडलेली भोकं, एवढंच. रोप दोन पानांवर असताना हे भुंगेरे खरा घात करतात. वेल पळायला लागल्यावर पानांवरच्या त्या भोकांचं एवढं काही नाही. मी सिमेंटचं रिकामं पोतं अंथरलं, गळालेल्या आणि पिवळ्या पडलेल्या कळ्या गोळा केल्या आणि ब्लेडने एकेक उभी चिरायला बसले. हे काम मला मनापासून आवडतं. फळमाशीने डंख मारलेल्या कळीवर बारीक छिद्र असतं, त्यातून डिंकासारखा तपकिरी थेंब येऊन वाळलेला असतो, आणि आत गर पातळ होऊन पांढऱ्या अळ्या. पूर्ण वाढलेली अळी अंगाची कमान करून उडीच मारते. एक उडून अण्णांच्या चपलेवर पडली तेव्हा ते पहिल्यांदा वाकून बघायला लागले.

पण अळ्या थोड्याच कळ्यांत निघाल्या. बाकीच्यांवर डंख नाही, आत अळी नाही, सड नाही. फुलाकडच्या टोकापासून पिवळेपणा देठाकडे सरकलेला आणि आतलं बी कागदासारखं चपटं. ही कळी कोणी खाल्लेली नव्हती. तिच्यात परागच पोचलेला नव्हता.

डांगराला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच लागते. मी एका मादी फुलाशी उकिडवी बसून राहिले. एरवी या वेळी डांगराच्या फुलात सातेरी मधमाश्या पिवळ्याधमक होऊन लोळत असतात. इथे काळ्या मुंग्या सोडून कोणी नव्हतं. उकिरड्यावर मात्र आपसूक उगवलेला एक वेल बाभळीवर चढला होता, त्याला नारळाएवढी फळं धरलेली. तेच पाणी, तेच हवामान, फळमाशीचा डंखही दोन-तीन फळांवर होताच. अण्णांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "त्याला कोण फवारतंय?"

अण्णांनी थायामेथोक्झामची बाटली आणून दाखवली. "निळा त्रिकोण आहे, लाल नाही. सौम्य आहे." इथे माझं डोकं फिरतं, अण्णांवर नाही, व्यवस्थेवर. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण सस्तन प्राण्यांना ते औषध किती विषारी आहे ते सांगतो, म्हणजे माणसाला, बैलाला. मधमाशीचं त्यात काहीही नाही. तो इशारा आतल्या घडीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरात असतो आणि घडीपत्रक दुकानातच फाटून पडतं. वर हे औषध आंतरप्रवाही, झाडात शिरून परागात आणि मधातही उतरणारं. फवारणी सकाळीच, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि मजूर एकच्या आत मोकळा होतो. म्हणजे नेमकी फूल उघडं असतानाची वेळ. त्यात कळी गळते म्हणून आणखी एक फवारा, त्याने आणखी मधमाश्या कमी, म्हणून आणखी गळ. पाचव्या फवाऱ्याची बाटली मी विकली असती तर पावती बरोबरच झाली असती.

"पण फळमाशीचे सापळे तर लावलेत की," अण्णा म्हणाले. लावले होते, भरलेही होते. डबी उघडून माश्या हातावर घेतल्या. वेलवर्गीय फळमाशीच्या पाठीवर मधोमध पिवळी रेघ असते आणि पंखाच्या टोकाला तपकिरी डाग. यातल्या एकीलाही नव्हता. डबीत मिथिल युजेनॉल होतं, जे आंबा-पेरूवरच्या माशीला खेचतं. डांगरावरच्या माशीला क्यू ल्यूर लागतो. विकणाऱ्याने दोन्ही एकच समजून दिलं होतं. सापळा भरतोय म्हणून अण्णा खूश, आणि खरी माशी निवांत.

उपाय फार विकण्यासारखा नव्हता. त्या मिश्रणाची फवारणी बंद. भुरीसाठी पुढे काही मारावंच लागलं तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर, आणि उन्हात गंधक नाही, वेलांची पानं करपतात. गळालेल्या कळ्या बांधावर फेकायच्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायच्या किंवा खोल पुरायच्या, कारण अळी मातीत शिरूनच कोष करते. क्यू ल्यूरचे सापळे एकरी पाच. बांधावर मक्याची ओळ होती, माशी तिथेच विसावते, म्हणून गूळ-कीटकनाशकाचं आमिष फक्त त्या मक्यावर. आणि मधमाश्या परत येईपर्यंत हाताने परागीकरण: नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला दांडा मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर नीट फिरवायचा. एखादी पाळी राहिली तर फळ एका अंगाने बसकं होतं. काकूंनी पहिलं फूल केलं ते माझ्याहून हलक्या हाताने. केलेल्या फुलांना लाल लोकर बांधली.

लोकर बांधलेल्या बहुतेक कळ्या धरल्या. पुढे बिन लोकरीच्याही धरायला लागल्या. श्रावण संपेपर्यंत फुलांवर पोयाच्या बारीक मधमाश्या दिसल्या, सातेरी थोड्याच. शेजारच्या टोमॅटोवर अजूनही सकाळीच फवारा चालतो, त्याचं मी काय करणार?

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा अण्णांच्या भावकीतला एक जण दुकानात आला आणि त्याच पाच औषधांची यादी मागायला लागला. अण्णांनी सांगितलं म्हणे, "चौथ्या फवाऱ्याचा रिझल्ट जरा उशिरा आला, पण आला." मी लोकरीचं विचारलं. "ते काकूंचं चालू असतं कायतरी."

अण्णा खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्या चार फवाऱ्यांना त्यांनी पैसे मोजले होते. लोकर घरातली होती आणि मी फुकट आले होते. शिवाय सगळं एकदमच बदललं: फवारा थांबला, सापळा बदलला, परागीकरण झालं. दोन ओळी तशाच सोडून दाखवल्या असत्या तर फरक डोळ्यांनी दिसला असता, पण पितृपक्षाच्या तोंडावर कोण शेतकरी मला दोन ओळी सोडू देईल?

त्या माणसाला विचारलं, फवारता किती वाजता? म्हणाला, उजाडल्या उजाडल्या. मी त्याला क्यू ल्यूर दाखवला, फुलाचं सांगितलं, उद्या सकाळी प्लॉटवर येते म्हटलं. त्याने ऐकून घेतलं, ल्यूरचे सापळे घेतले, आणि यादीतली बाकीची औषधं समोरच्या दुकानातून घेऊन गेला. शेठनी संध्याकाळी गल्ला मोजताना एवढंच विचारलं, "त्याला आपल्याकडचं का नाही दिलं?"